न पाहिलेल्या माणसाला रंग देताना

युरोपातली जुनी छापील चित्रं विकणारे लोक प्रत्येक चित्राच्या वर्णनात एक छोटी नोंद करतात. रंग त्याच काळातला, की रंग नंतरचा? सोळाव्या शतकातलं एखादं चित्र असेल आणि त्यावरचे रंगही तेव्हाच कुणी हाताने भरलेले असतील, तर त्याला वेगळा भाव मिळतो. चित्र जुनं, पण रंग गेल्या पन्नास-शंभर वर्षांत भरलेले असतील, तर वेगळा. आणि चित्रच नव्याने छापून त्यावर हाताने रंग दिला असेल, तर ती सरळ दिवाणखान्यात लावायची वस्तू.

कारण असं, की त्या काळी छापखान्यातून चित्र बाहेर यायचं ते काळ्या शाईत. लाकडी ठसा असो की तांब्याचा कोरलेला पत्रा, कागदावर उमटायच्या त्या फक्त रेषा. रंगीत प्रत हवी असेल तर जास्त पैसे मोजायचे, मग कुणीतरी ब्रश घेऊन बसायचं आणि एकेका प्रतीत पाण्याचे रंग भरायचं. हा स्वतंत्र धंदा होता. जगाचा पहिला आधुनिक नकाशासंग्रह काढणारा अब्राहम ऑर्टेलियस १५४७ मध्ये अँटवर्पच्या चित्रकार संघात नोंदला गेला तो नकाशे रंगवणारा म्हणून. त्याच शहरातल्या प्लांटिनच्या छापखान्यासाठी मिंकेन लीफ्रिंक नावाची बाई चित्रं रंगवायची. तिचं नाव हिशेबाच्या वह्यांमुळे उरलं. बाकीच्या बहुतेकांची उरली नाहीत.

मला प्रश्न पडतो तो या रंगवणाऱ्यांबद्दल. समोरच्या कागदावर दूरदेशीचा एक माणूस काळ्या रेषांत उभा आहे. त्याला आपण पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. त्याच्या अंगावरच्या कापडाचा रंग कुणी लिहून ठेवलेला नाही. पण मजुरी रंग भरण्याची आहे, कापड कोरं ठेवण्याची नाही. मग आपण लाल लावतो. यात काही चुकलं का? चुकलं असेल तर कुणाचं, आणि कुणाशी?

नागडा युरोपियन

साधारण १५६० ते १६०० या काळात युरोपात पोशाखांच्या पुस्तकांची लाटच आली होती. पॅरिसमध्ये १५६२ साली फ्रान्स्वा देसेर्पचं पुस्तक निघालं, न्यूरेम्बर्गमध्ये १५७७ साली हान्स वायगेलचं, व्हेनिसमध्ये १५९० साली चेझारे वेचेल्लिओचं. वेचेल्लिओच्या पुस्तकात चारशेहून जास्त चित्रं होती. रचना सगळीकडे जवळपास सारखी. एका पानावर एक माणूस, अंगावर पूर्ण पोशाख, खाली किंवा वर नाव. पण हे नाव त्या माणसाचं नसायचं, प्रकाराचं असायचं. व्हेनिसची विधवा, तुर्की शिपाई, भारतीय स्त्री. वेचेल्लिओ भारतात कधी आला नव्हता. दुसऱ्यांची चित्रं, प्रवाशांची वर्णनं आणि ऐकीव माहिती यांवर त्याने जग उभं केलं.

हे सगळं वाईट हेतूने चाललं होतं असं मला वाटत नाही. जग अचानक मोठं झालं होतं आणि लोकांना ते पाहायचं होतं. आपण रात्री अंथरुणात पडून दुसऱ्या देशातल्या लोकांच्या जेवणाचे व्हिडिओ पाहतो, त्यातलीच ही भूक.

पण वायगेलच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं की थबकायला होतं. चार खंडांचे चार पुरुष तिथे दाखवलेत. यांतला युरोपचा माणूस नागडा आहे. त्याच्या हातावर कापड आहे, जवळ कात्री आहे. विनोद असा, की युरोपातली फॅशन इतकी भरभर बदलते की चित्रकाराने काढेपर्यंत कपडे जुने होतात. म्हणून याला कापडच देऊन टाका, काय शिवायचं ते तो ठरवेल.

आपल्याच लोकांची थट्टा केलीय म्हणून आपण हसून पुढे जातो. पण नीट पाहिलं तर या थट्टेत युरोपियन माणसाला एक मोठी गोष्ट मिळाली आहे. त्याला काळ मिळाला आहे. तो उद्या वेगळा दिसू शकतो. उरलेल्या तिघांना कपडे मिळाले आणि त्या कपड्यांत त्यांना कायमचं उभं केलं गेलं.

कोरुंबिन

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात उतरला. वय वीसच्या आसपास. तिथल्या पोर्तुगीज आर्चबिशपच्या पदरी त्याला कारकुनी मिळाली आणि तो पाचेक वर्षं राहिला. म्हणजे गोव्यात तो फिरला, ऐकलं, टिपणं काढली, तेव्हा तो आजच्या एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरच्या वयाचा होता. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याचं ‘इतिनेरारिओ’ हे पुस्तक ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली समुद्रमार्गांची माहिती या लेखनातून बाहेर पडली आणि सहा वर्षांत डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. इतिहासात त्याचं नाव घेतलं जातं ते मुख्यतः यासाठी.

पण या पुस्तकात चित्रंही आहेत. गोव्याचा भरलेला बाजार, पालखीतून जाणारे पोर्तुगीज, ब्राह्मण, वाणी. आणि एका चित्रात ‘कानारिन आणि कोरुंबिन’ म्हणजे गोव्याच्या आसपासची शेतकरी माणसं. ‘कानारिन’ हे पोर्तुगीजांनी गोव्याच्या स्थानिकांना दिलेलं नाव. ते मुळात कानडीवरून आलेलं, आणि ज्यांना दिलं ते लोक बोलायचे कोंकणी. ‘कोरुंबिन’ म्हणजे कुणबी.

मी तळ्याची. माझ्या जातीच्या दाखल्यावर हाच शब्द आहे. गोव्यातले कुणबी आणि रायगडातले कुणबी एकच, असं मी म्हणत नाही. चालीरीती वेगळ्या, बोली वेगळी, कापड नेसायची तऱ्हा वेगळी. पण नाव एक आहे आणि काम एक आहे, डोंगरउतारावर भात आणि नाचणी पिकवणं. लिन्सखोटेन लिहितो की हे लोक शेती करतात, मासे धरतात, गवताने शाकारलेल्या बुटक्या घरांत राहतात, कोंबड्या, दूध, अंडी, फळं शहरात आणून विकतात. यातलं बरंचसं मला ओळखीचं वाटतं. इंदापूरहून तळ्याला येणाऱ्या एसटीत मी कोंबड्यांच्या शेजारी बसून आले आहे.

चित्रातली माणसं मात्र ओळखीची वाटत नाहीत. पुरुषाचं शरीर ग्रीक पुतळ्यासारखं घडीव, स्नायू उठून दिसणारे, एका पायावर भार टाकून उभं राहण्याची ती खास ऐट. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणारा माणूस असा उभा राहत नाही. याचं कारण सरळ आहे. तांब्याच्या पत्र्यावर ही चित्रं कोरली ती डूटेकम बंधूंनी, नेदरलँड्समध्ये बसून. त्यांचा हात पुतळे पाहून आणि पुतळ्यांची चित्रं गिरवून तयार झाला होता. लिन्सखोटेनकडून आलेल्या माहितीत जिथे जिथे ‘शरीर कसं आहे’ हे नव्हतं, तिथे तिथे त्यांनी आपल्याला येतं ते शरीर बसवलं.

उजव्याचं डावं

गोष्ट इथे थांबली नाही. फ्रँकफर्टच्या द ब्री कुटुंबाने लवकरच ही चित्रं आपल्या प्रवासग्रंथांच्या मालिकेसाठी पुन्हा कोरली. तेव्हा नक्कल कशी व्हायची ते सांगते. छापलेलं चित्र समोर ठेवायचं, ते जसंच्या तसं तांब्यावर कोरायचं, शाई लावून कागदावर दाबायचं. की चित्र उलटं येतं, आरशात दिसावं तसं. हे टाळायचं तर आधी उलटं काढून घ्यावं लागतं, आणि तेवढी मेहनत प्रत्येक वेळी कोण घेणार?

युरोपातल्या वाचकाला याने काही फरक पडत नव्हता. आपल्याकडे पडतो. मुघल काळात अंगरख्यासारख्या जाम्याचा बंद कुठल्या बाजूला, यावरून माणूस ओळखला जायचा. हिंदू डावीकडे बांधायचे, मुसलमान उजवीकडे. चित्र उलटं छापलं की माणसाचा धर्म बदलला. डाव्या खांद्यावर जानवं असलेला ब्राह्मण उलटा छापला, तर जानवं उजव्या खांद्यावर जातं. त्याला आपण अपसव्य म्हणतो, श्राद्धाच्या वेळी घेतात तसं. नुसत्या छपाईच्या तंत्राने एखादा माणूस आयुष्यभर पितरांना पाणी देत उभा राहू शकतो.

आणि या उलट-सुलट झालेल्या रेषांवर शेवटी ब्रश येतो. त्या बाईसमोर, समजा बाईच आहे, माहिती किती उरलीय पाहा. गोव्यातल्या कुणी खऱ्या माणसांना पाहून लिन्सखोटेनने काहीतरी टिपलं, ते डूटेकमांनी आपल्या हाताच्या सवयीने कोरलं, ते द ब्रीने पुन्हा कोरलं. आता रंग. गोव्यातल्या कुणबी बायकांचं पारंपरिक कापड लाल चौकड्यांचं, आजही ते ओळखलं जातं. पण रेषांमधून हे कळायची सोय नाही. ती निळा लावेल, हिरवा लावेल, शेजारच्या आकृतीला लाल लावलाय म्हणून हिला पिवळा लावेल.

माझ्या रोजच्या कामात याला शब्द आहेत. डेटाबेसमध्ये एखादी जागा रिकामी असेल, तर तिथे ‘नल’ असतं. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘नाही’ही नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. पण रिकामी जागा पुढच्या प्रोग्रॅमला चालत नाही, तो अडतो. म्हणून आपण तिथे डिफॉल्ट भरतो, काहीतरी चालून जाईल असं. भरल्याक्षणी एक गोष्ट घडते. ही किंमत कुणीतरी मोजून लिहिली, की कुणीतरी जागा भरायची म्हणून भरली, हे पुढे कुणालाच कळत नाही. दोन्ही सारख्याच दिसतात.

इंजिनिअर नसलेल्यांसाठी याचं घरगुती उदाहरण म्हणजे १ जून. आपल्या मागच्या पिढ्यांत किती लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, आठवून पाहा. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. गुरुजी पोराकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख १ जून टाकायचे. गुरुजी खोटारडे नव्हते. त्यांनी तारीख टाकली म्हणून पोरगं शाळेत बसलं. पण ती तारीख मग कागदोपत्री खरी झाली, आणि सरकारी कचेऱ्यांत दरवर्षी ३१ मेला एकदम इतके लोक निवृत्त होतात ते त्यामुळेच. भरलेली जागा स्वस्थ बसत नाही, पुढे कामाला लागते.

रंगवणाऱ्या बाईचा पिवळा म्हणजे तिने टाकलेली १ जून.

रंगवणारीची बाजू

इथे कुणीही विचारेल, की मग काय करायला हवं होतं तिने? चित्र काळंच ठेवायचं? पण काळं चित्र तरी खरं कुठे आहे? कुठलाही माणूस काळ्या रेषांचा बनलेला नसतो. आपण जुने ब्लॅक अँड व्हाईट सिनेमे बघून नकळत असं धरून चालतो की तो काळच करडा होता. रंग नाकारणं हाही एक डिफॉल्टच.

दुसरं, रंगाने माणूस जवळ येतो. काळ्या रेषांतल्या कोरुंबिन बाईवरून नजर घसरते. तिच्या अंगावर लाल आला की आपण थांबतो. ही थोडीथोडकी गोष्ट नाही. ज्याच्याकडे कुणी बघतच नाही त्याच्याबद्दल चूक होण्याचीसुद्धा शक्यता नसते.

तिसरं, सगळ्या कलेत न दिसलेलं भरावंच लागतं. एम. व्ही. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं आयुष्यभर काढली. ऑटो रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकात त्यांचीच चित्रं आहेत आणि तेही एका अर्थी पोशाखाचंच पुस्तक आहे, एकेका जातीची एकेक बाई. पण धुरंधरांच्या बायका जिवंत वाटतात. त्या लोकलमध्ये, देवळात, बाजारात दिसाव्यात तशा उभ्या राहतात, कारण काढणारा त्याच गर्दीत राहत होता. त्याच्या उलट विल्यम जॉन्सनने मुंबईच्या लोकांवर १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले, तेही फोटोंचे. फोटो म्हणजे तर डोळ्यांनी पाहिलेलं. पण त्याने स्टुडिओत काढलेली माणसं वेगळ्या ठिकाणी काढलेल्या पार्श्वभूमीवर जोडली. हाताने काढलेलं खोटं आणि यंत्राने काढलेलं खरं, अशी सोपी विभागणी इथे चालत नाही.

हे तीनही मुद्दे मला पटतात. म्हणून ‘माहीत नसेल तर रंग भरू नये’ हा नियम मी मानत नाही. तो पाळला तर आपण अर्धं जग कोरं सोडू, आणि कोरं राहील ते नेहमी गरिबांचं, कारण राजांचे रंग कुणीतरी लिहून ठेवलेले असतात.

जांभळं लुगडं

तरीही काहीतरी खुपतं. ते कुठे खुपतं हे मला एका घरगुती प्रसंगाने कळलं.

आमच्याकडे पणजीचा एकच फोटो आहे. पणजोबा मुंबईला गिरणीत होते, तेव्हा कधीतरी काढून घेतलेला. कडा पिवळ्या पडलेल्या, पणजी खुर्चीवर, हात मांडीवर. माझ्या चुलतभावाने मोबाईलवरच्या एका ॲपमधून तो रंगीत केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दहा सेकंदांचं काम. पणजीचं लुगडं जांभळं झालं, चेहरा थोडा उजळ झाला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. आजी, म्हणजे पणजीची सून, तिला फोन हातात धरून दाखवला. ती बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, “जांभळं नव्हतं ते.”

“मग कुठलं होतं, आजी? सांग ना, बदलतो मी,” भाऊ म्हणाला.

“ते नाय आठवत आता. पण जांभळं नव्हतं.”

आत्या म्हणाली, “असू दे गं आई. बरी दिसतेय ना?” आणि विषय संपला. फोटो मोठा करून फ्रेम केला, भिंतीवर लागला. काही महिन्यांनी शेजारची नवी सून घरी आली होती. तिने फोटोकडे बघून विचारलं, आणि आजी अगदी सहज म्हणाली, “आमच्या सासूबाई. जांभळं लुगडं नेसायच्या.”

ॲपने खोटं सांगितलं असं म्हणता येत नाही, ते काही सांगतच नव्हतं. भावाने प्रेमानेच केलं. पण आजीजवळ एक गोष्ट होती. तिला खरा रंग आठवत नव्हता, पण कुठला नव्हता हे आठवत होतं. ‘जांभळं नव्हतं’ ही माहिती होती, आणि ती जगात फक्त एका माणसाकडे होती. भरलेल्या रंगाने तीच पुसली.

म्हणजे नुकसान चुकीच्या रंगाने झालं नाही. योगायोगाने लुगडं खरंच जांभळं असतं, तरीही मला हा प्रश्न पडला असता. नुकसान झालं ते ‘माहीत नाही’ ही जागा नाहीशी झाल्याने. जोवर ती जागा दिसते, तोवर कुणीतरी तिथे बोट ठेवून विचारू शकतं, कुणी आठवून सांगू शकतं, कुणी नाकारू शकतं. ती बुजली की विचारायचं कारणच उरत नाही.

कुडा

तळ्यापासून जवळच, मांदाडच्या खाडीच्या वर, कुड्याची लेणी आहेत. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही तिथे वटवाघळांना घाबरायला जायचो. ही बौद्ध लेणी साधारण अठराशे ते दोन हजार वर्षं जुनी. सहाव्या लेण्यात भिंतीवर दंपती कोरलेली आहेत. पुरुष आणि स्त्री शेजारी शेजारी, अंगावर दागिने, डोक्यावर भरदार शिरोभूषणं, कमरेला वस्त्र. पोशाखाच्या पुस्तकात शोभावीत अशीच.

पण याच लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. वैद्य सोमदेव. एक माळी. लोखंडाचा एक व्यापारी. महाभोजांच्या पदरी असलेला लेखनिक शिवभूती आणि त्याची बायको नंदा. शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम आणि त्याची बायको विजया. या शिवमच्या कुटुंबाने दिलेल्या दानाला शिलालेखात शैलरूपकर्म म्हटलंय, म्हणजे दगडातलं कोरीवकाम.

गंमत बघा. त्या दंपतींच्या मूर्तींखाली नाव नाही. ती कुणाची, हे आपण सांगू शकत नाही. आणि नंदा, विजया यांची नावं आहेत, पण चेहरे नाहीत. शिल्पकाराने काही माणसांना समोर बसवून हुबेहूब मूर्ती केल्या असतील असं वाटत नाही. त्यानेही त्याच्या हाताला सवय असलेली शरीरंच कोरली, डूटेकम बंधूंसारखी. अचूकपणा हीच कसोटी लावली तर कुडा आणि ॲमस्टरडॅम सारखेच नापास.

मग मला कुड्याच्या भिंतीसमोर तसं का खुपत नाही? माझं उत्तर असं, की तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. कल्पनेचं ते मूर्तीत, माहितीचं ते अक्षरांत. मूर्ती म्हणत नाही की मी विजया आहे. आणि अक्षरांत कोण काय होतं हे सांगितलंय ते त्यांच्या स्वतःच्या खर्चाने आणि संमतीने. माळ्याने ‘मी माळी’ असं लिहून घेतलं. कुणी परक्याने येऊन ‘हा माळी, हे असे दिसतात’ असं लिहिलेलं नाही. कोरुंबिन बाईच्या चित्रात या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. कल्पना आणि माहिती एकाच रेषेत कालवलेली, आणि नाव दुसऱ्याने दिलेलं.

नाव दुसऱ्याने देणं किती दूर जातं हे महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. २०२३ पासून जुन्या दप्तरांत ‘कुणबी’ हा एक शब्द शोधला जातो आहे, आणि तो कुणाच्या आजोबांपुढे लागतो आणि कुणाच्या नाही, यावर आजच्या मुलांची ॲडमिशनं आणि नोकऱ्या अवलंबून आहेत. त्यातली बाजू कुठलीही घ्या. शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने रकाना भरताना पुढचा माणूस आपल्याला काय म्हणवतो हे विचारलं होतं, की बघून ठरवलं होतं? कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

जवळून दिसणाऱ्या रेषा

यावर एक उत्तर चित्रांच्या दुरुस्तीच्या जगात सापडतं. रोममध्ये १९३९ साली चित्रदुरुस्तीची मध्यवर्ती संस्था सुरू झाली. तिचा संचालक चेझारे ब्रांदी. महायुद्धात बाँबने फुटलेली भित्तिचित्रं दुरुस्त करताना तिथे हाच प्रश्न आला. चित्राचा तुकडा पडला आहे, तिथे काय होतं याचा फक्त अंदाज आहे. भरावं तर आपलं चित्र मूळ म्हणून खपेल. कोरं सोडावं तर पांढऱ्या डागांमुळे उरलेलं चित्रही दिसत नाही. त्यांनी काढलेली तोड अशी, की पडलेला भाग बारीक उभ्या रेषांनी भरायचा. लांबून पाहिलं तर रंग मिसळतात, चित्र पूर्ण वाटतं. जवळ गेलं की रेषा दिसतात आणि कळतं, की इथलं मूळ गेलं, हे आम्ही भरलेलं आहे.

मला या रेषांत एक नैतिक नियम दिसतो. भरा, पण भरल्याची खूण बुजवू नका. जो जवळ येईल, विचारेल, त्याला ‘माहीत नाही’ सापडलं पाहिजे. जुनी चित्रं विकणाऱ्यांची ती ‘रंग नंतरचा’ ही नोंद याच जातीची. ती धंद्यासाठी लिहिलेली असेल, पण काम प्रामाणिकपणाचं करते.

आपल्या पिढीला हा नियम जास्त लागू आहे, कारण रंग भरणं इतकं स्वस्त कधीच नव्हतं. मिंकेन लीफ्रिंकला एक पान रंगवायला वेळ लागायचा, मजुरी पडायची. आता ‘कोकणातली शेतकरी बाई’ असं टाइप केलं की चित्र हजर. ते कुठून येतं? आधीच्या लाखो चित्रांतून आणि त्यांच्याखालच्या मथळ्यांतून. म्हणजे कुणीतरी भरलेल्या जागांवरून पुन्हा भरलेल्या जागा. आणि हे उद्या पुढच्या यंत्राला खाद्य म्हणून जाणार. अशी यंत्रं बनवणारे हात माझ्यासारख्यांचेच आहेत. ‘रंग नंतरचा’ हे सांगणारा एक रकाना चित्राबरोबर जाऊ देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तो लोक वाटेत काढून टाकतात, कारण रकाना असला की चित्र थोडं कमी खरं वाटतं, आणि कमी खरं वाटलं की कमी शेअर होतं.

घरात तर याहून सोपं आहे. फोटो रंगवा, फ्रेम करा, आणि मागे पेनने लिहा की रंग ॲपने दिले आहेत, आजी म्हणते लुगडं जांभळं नव्हतं. मूळ फोटो टाकू नका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सांगणारं माणूस घरात आहे तोवरच ते होतं.

पण या नियमाने सगळं फिटतं असं मी म्हणणार नाही. भरल्याची खूण ठेवली की पाहणाऱ्याची फसवणूक टळते. जिचं चित्र आहे तिचं काय? लिन्सखोटेनच्या त्या पानाखाली उद्या कुणी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं, शरीर डूटेकमांचं, बाजू द ब्रीने उलटवलेली, रंग अनोळखी हाताचा, नाव पोर्तुगीजांचं, तरी त्या यादीत तिचं स्वतःचं काहीच येत नाही. ती कदाचित गोव्याच्या बाजारात अंडी विकायला आलेली असेल. एका गोऱ्या कारकुनाने आपल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच तिला कळलं असेल. तिला कुणी विचारलं असतं, तर तिने काय लिहून घेतलं असतं, तिचं नाव, गाव, की फक्त अंड्यांचा भाव, हे आपल्याला माहीत नाही. ती जागा मी कोरी सोडते आहे.